1453 च्या आधीच वारलेला पेट्रार्क प्रबोधनाचा जनक कसा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: 1453 मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, तिथले ग्रीक पंडित पोथ्या घेऊन इटलीत आले आणि त्यातून युरोपात प्रबोधन सुरू झाले, असे आपण शाळेपासून शिकत आलात, पण त्याच धड्यात ज्याला प्रबोधनाचा जनक म्हटले आहे तो इटालियन कवी आणि पंडित पेट्रार्क 1374 मध्येच वारला होता. मग ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असतील, आणि मधली हजार वर्षे ग्रीक-रोमन विद्या होती तरी कुठे? मी अठ्ठावीस वर्षे महाविद्यालयात युरोपचा इतिहास शिकवला. एवढ्या काळात ही विसंगती स्वतःहून पकडणारे विद्यार्थी मला दोन-चारच भेटले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे सांगायला हवे की प्रबोधनाचा आरंभ कुठे धरायचा हे आपण कशाबद्दल बोलतो त्यावर अवलंबून आहे. लॅटिन वाङ्मयाबद्दल विचाराल तर चौदाव्या शतकाचा पूर्वार्ध, ग्रीक भाषेच्या अभ्यासाबद्दल विचाराल तर 1397, शिल्प आणि वास्तुकलेबद्दल विचाराल तर पंधराव्या शतकाची पहिली दोन-तीन दशके, असे माझे उत्तर असेल. आणि फ्लॉरेन्सऐवजी पॅरिस किंवा लंडनबद्दल विचारलेत तर हे सारे आणखी पुढे सरकेल. मराठीत आणखी एक घोटाळा होतो. ‘प्रबोधन’ हा शब्द आपण इटलीतल्या या पुनरुज्जीवनालाही वापरतो, अठराव्या शतकातल्या बुद्धिवादी चळवळीलाही वापरतो आणि एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रालाही वापरतो, त्यामुळे तिन्हींचे गुण एकमेकांच्या खात्यावर जमा होतात. या उत्तरापुरता मी तो शब्द प्राचीन ग्रीक-रोमन विद्येचे आणि कलेचे पुनरुज्जीवन एवढ्याच अर्थाने वापरतो आहे.

आता ‘हजार वर्षे कुठे होती’ या भागाकडे येऊ. ती एका ठिकाणी कुलूपबंद नव्हती. भाषेनुसार वेगवेगळ्या हातांत होती. लॅटिन ग्रंथ पश्चिम युरोपातच होते. आठव्या शतकाच्या अखेरीस आणि नवव्या शतकात फ्रँक सम्राट शार्लमेन व त्याच्या वारसांच्या काळात फ्रान्स-जर्मनीतल्या मठांनी जुन्या, झिजत चाललेल्या पोथ्यांच्या नव्या नकला करून घेतल्या, आणि आज आपल्याकडे असलेल्या बहुसंख्य लॅटिन ग्रंथांची सर्वांत जुनी प्रत त्याच पिढ्यांच्या हातची आहे. ज्या भिक्षूंना आपण ‘अंधारयुगा’चे म्हणतो त्यांनी ही नक्कल केली नसती, तर पुढे पेट्रार्कला शोधायला काहीच उरले नसते. ग्रीक ग्रंथ पूर्व रोमन साम्राज्यात, म्हणजे बायझँटियममध्ये, अखंड वाचले जात होते; तिथले लोक स्वतःला रोमनच म्हणवत आणि होमर हा तिथल्या शाळकरी मुलांचा पाठ होता. तिसरा वाटा अरबी भाषेचा. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्राचीन ग्रीक वैद्य गॅलनचे ग्रंथ मोठ्या संख्येने भाषांतरित केले, ॲरिस्टॉटल आणि खगोलविद टॉलेमी अरबीत आले, आणि बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडो शहरात क्रेमोनाच्या जेरार्डसारख्या भाषांतरकारांनी हे ग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये आणले.

त्यामुळे तेराव्या शतकातल्या पॅरिसच्या विद्यार्थ्याला ॲरिस्टॉटल माहीत नव्हता असे म्हणता येत नाही. उलट त्याच्या अभ्यासक्रमाचा तो कणा होता. त्या विद्यार्थ्याकडे काय नव्हते, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. त्याच्याकडे ग्रीक होमर नव्हता, सोफोक्लीस आणि युरिपिडीस यांची नाटके नव्हती, हेरोडोटस आणि थ्युसिडिडीस नव्हते, आणि प्लेटोचे मोजके संवाद सोडले तर बाकीचा प्लेटो नव्हता. अरबी भाषांतरकारांनी वैद्यक, गणित, ज्योतिष आणि तत्त्वज्ञान घेतले. ग्रीक नाटके आणि इतिहासग्रंथ त्यांनी फारसे हाती धरले नाहीत. म्हणजे शास्त्र पोहोचले होते, साहित्य आणि इतिहास राहिला होता. इटलीतल्या पुनरुज्जीवनाचा भर कविता, वक्तृत्व, इतिहास आणि नीतिविचार यांवरच का पडला, याचे एक मोठे कारण मला यात दिसते.

मात्र पोथी असणे आणि पोथी वाचता येणे यांत फार अंतर असते, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाची खरी गाठ इथेच आहे. आपल्याकडे अनेक जुन्या घरांत मोडी कागदांची दप्तरे असतात. कागद शाबूत असतात, शाई स्पष्ट असते, घरच्यांचा त्यांच्यावर जीव असतो, पण घरातल्या कुणालाही त्यातली एक ओळ लागत नाही. पेट्रार्कची स्थिती नेमकी अशी होती. 1354 च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलहून निकोलस सिगेरोस याने त्याला होमरची ग्रीक पोथी भेट पाठवली. पेट्रार्कने ग्रीक शिकायचा प्रयत्न केला होता, पण तो अर्धवट राहिला होता. आभाराच्या पत्रात त्याने लिहिले की होमर माझ्यासाठी मुका आहे, किंवा खरे तर मीच त्याच्यासाठी बहिरा आहे, तरीही त्याच्या नुसत्या दर्शनाने मला आनंद होतो. ज्या माणसाला आपण प्रबोधनाचा जनक म्हणतो तो होमरची पोथी हातात घेऊन बसला होता आणि त्याला ती वाचता येत नव्हती. हा प्रसंग मी वर्गात दरवर्षी सांगत असे, कारण ‘पोथ्या आल्या आणि प्रबोधन झाले’ हे वाक्य त्याच्यासमोर टिकत नाही.

मग पेट्रार्कला जनक का म्हणतात? कारण लॅटिनच्या बाबतीत त्याने जे केले ते आधीच्या पिढ्यांनी त्या ध्यासाने केले नव्हते. 1345 मध्ये व्हेरोना इथल्या कॅथेड्रलच्या ग्रंथसंग्रहात त्याला प्राचीन रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरोने ॲटिकस या मित्राला लिहिलेली पत्रे सापडली आणि ती त्याने स्वतःच्या हाताने उतरवून घेतली. मध्ययुगाला सिसेरो माहीत होता तो वक्तृत्वाचा आणि नीतीचा गुरू म्हणून. या पत्रांतून समोर आला तो धास्तावलेला, मानापमानात अडकलेला, राजकारणातून अंग काढून घेऊ न शकणारा एक हाडामांसाचा माणूस. पेट्रार्क इतका दुखावला की त्याने जवळजवळ चौदा शतकांपूर्वी मेलेल्या सिसेरोला उद्देशून एक पत्र लिहिले आणि म्हातारपणी त्या भांडणांत का पडलास, असा जाब विचारला. त्या पत्रात एक नवी जाणीव आहे: प्राचीन माणूस आपल्यापासून फार दूर आहे, त्याचा काळ वेगळा होता, आणि म्हणूनच त्याला समजून घ्यायला कष्ट पडतात. मध्ययुगाला प्राचीन लेखक जवळचे वाटत, पेट्रार्कला ते हरवलेले वाटले. ज्याला हरवल्याची जाणीव होते तोच शोधायला निघतो.

ग्रीकची कोंडी फुटली ती 1397 मध्ये, आणि ती फोडली एका शिक्षकाने. फ्लॉरेन्सचा चॅन्सेलर, म्हणजे राज्याचा पत्रव्यवहार सांभाळणारा मुख्य सचिव, कोलुच्यो सालुताती याच्या पुढाकाराने त्या नगरराज्याने कॉन्स्टँटिनोपलच्या मान्युएल क्रिसोलोरास याला पगार देऊन ग्रीक शिकवायला बोलावले. तो तिथे जेमतेम तीन वर्षे राहिला. लिओनार्दो ब्रुनी हा तरुण तेव्हा कायद्याचा अभ्यास करत होता आणि तो सोडावा की नाही या पेचात त्याची झोप उडाली होती. त्याने पुढे आपल्या आठवणीत लिहिले आहे की कायदा शिकवणारे अनेक आहेत आणि तो केव्हाही शिकता येईल, पण ग्रीक शिकवणारा हा एकच आहे. सातशे वर्षे इटलीत कुणाला ग्रीक येत नव्हते, असे तो म्हणतो, आणि ही संधी आज सोडली तर पुन्हा कुणाकडून शिकणार? त्याने कायदा सोडला. हाच ब्रुनी पुढे ॲरिस्टॉटल आणि प्लेटो यांची मूळ ग्रीकवरून लॅटिन भाषांतरे करतो आणि फ्लॉरेन्सचा चॅन्सेलर होतो. क्रिसोलोरासचे सोपे व्याकरण पुढच्या शंभर वर्षांत इटलीबाहेरही वापरले गेले. मी स्वतः आयुष्यभर शिकवले असल्यामुळे कदाचित माझा कल या बाजूला असेल, पण एखादी एकच तारीख निवडा असे मला सांगितले, तर मी 1397 निवडेन.

त्यानंतर शोधाला वेग आला. पोज्यो ब्राच्योलिनी हा पोपच्या कचेरीतला लेखनिक कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेला गेला होता. तिथे त्याच्या पोपलाच पदच्युत करण्यात आले आणि पोज्यो रिकामा झाला. ती सवड त्याने आसपासचे मठ धुंडाळण्यात घालवली. 1416 मध्ये सेंट गॉलच्या मठात, एका बुरुजाच्या तळाशी असलेल्या अंधाऱ्या, कोंदट जागेत, बुरशी आणि धुळीने माखलेला क्विंटिलियनचा वक्तृत्वशिक्षणावरचा संपूर्ण ग्रंथ त्याला सापडला. या ग्रंथाच्या तुटक प्रती आधी फिरत होत्या, पण अखंड प्रत इटलीत कुणी पाहिली नव्हती. पुढच्याच वर्षी त्याला रोमन कवी ल्युक्रेशियसचे दीर्घकाव्य मिळाले. पोज्यो आपल्या पत्रांत या मठांना तुरुंग म्हणतो आणि भिक्षूंना निष्काळजी ठरवतो. हा अन्याय आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते, कारण त्याच मठांतल्या कुणा भिक्षूने पाचशे वर्षांपूर्वी थंडीत बसून ती पोथी उतरवली नसती, तर पोज्योच्या हाती काय लागले असते? याच संदर्भात एक गोष्ट मला फार हृद्य वाटते. या पोथ्यांतले स्वच्छ, गोलसर अक्षर पाहून इटलीतल्या विद्वानांना ते प्राचीन रोमनांचे वाटले आणि त्यांनी ते गिरवायला सुरुवात केली. ते वस्तुतः शार्लमेनच्या काळातल्या मठांचे वळण होते. पुढे इटलीतल्या मुद्रकांनी त्याच वळणाचे खिळे पाडले, आणि आज आपण इंग्रजी मजकूर ज्या ‘रोमन’ लहान अक्षरांत वाचतो त्यांचे मूळ तिथे आहे.

पोथी मिळाली, वाचताही आली. तरी तिच्यात लिहिलेले मूळ लेखकाचेच आहे कशावरून? हे समजावण्यासाठी मी वर्गात एक प्रयोग करत असे. एका विद्यार्थ्याला दहा ओळींचा मराठी उतारा द्यायचा, त्याने तो हाताने उतरवून पुढच्याला द्यायचा, पुढच्याने फक्त ती नक्कल पाहून आपली नक्कल करायची, असे सहा जणांपर्यंत. एका वर्षी उताऱ्यातल्या तिसऱ्या आणि पाचव्या ओळीचा शेवट ‘राज्यकारभार’ याच शब्दाने होत होता. दुसऱ्या मुलीची नजर तिसऱ्या ओळीवरून उचलली गेली ती थेट पाचव्या ओळीच्या शेवटावर पडली, आणि मधल्या दोन ओळी गळाल्या. तिसऱ्या मुलाला वाक्य लागेना, म्हणून त्याने जोडून घेण्यासाठी स्वतःचे दोन शब्द घातले. सहाव्या प्रतीत ते वाक्य इतके सुरळीत वाचले जात होते की काही गळाले आहे अशी शंकाही कुणाला आली नसती. बारा-पंधरा शतके नकलांवर जगलेल्या ग्रंथांचे काय झाले असेल याची कल्पना यावरून करावी. इटलीतल्या मानवतावादी, म्हणजे प्राचीन ग्रीक-लॅटिन साहित्याच्या अभ्यासाला वाहून घेतलेल्या, पंडितांनी अनेक प्रती शेजारी ठेवून, कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली आहे हे ओळखून, पाठ ठरवण्याची शिस्त हळूहळू उभी केली. ज्याला आपण आज पाठचिकित्सा म्हणतो तिचा पाया तो आहे.

ही शिस्त किती दूर पोहोचली याचे उदाहरण लोरेंझो व्हाल्लाचे आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेकडील सत्ता पोपला दान केली असे सांगणारा एक दस्तऐवज शतकानुशतके पोपच्या राजकीय हक्कांचा आधार मानला जात असे. 1440 मध्ये व्हाल्लाने त्याची लॅटिन भाषा तपासली. चौथ्या शतकातल्या रोमन दरबारात कुणी ‘सॅट्रप’ हा इराणी सुभेदारांसाठीचा शब्द आपल्या अधिकाऱ्यांना लावला नसता, आणि जे कॉन्स्टँटिनोपल त्या वेळी अजून वसलेच नव्हते त्याच्या धर्मपीठाचा उल्लेख या दस्तऐवजात होता. दस्तऐवज बनावट ठरला. व्हाल्ला त्या वेळी पोपशी भांडण असलेल्या नेपल्सच्या राजाच्या पदरी होता हेही सांगायला हवे, पण त्याचा पुरावा त्यामुळे कमी होत नाही. शब्दांनाही वय असते, हे त्याने दाखवून दिले.

एवढे सगळे 1453 च्या आधी घडले. मग त्या वर्षाचे महत्त्व काय? आहे, पण वेगळे आहे. ग्रीक पोथ्यांचा ओघ आधीच सुरू झाला होता: जोव्हानी ऑरिस्पा हा एकटा सिसिलियन माणूस 1423 मध्ये 238 ग्रीक हस्तलिखिते घेऊन व्हेनिसला उतरला, आणि 1438-39 च्या फेरारा-फ्लॉरेन्स धर्मपरिषदेसाठी बायझँटियमचे थोर पंडित इटलीत येऊन गेले. त्यांतलाच एक बेसारिऑन पुढे रोमन चर्चचा कार्डिनल झाला. कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर त्याने ठरवले की जगात कुठेही मिळेल ती ग्रीक पोथी मिळवायची आणि एकत्र ठेवायची, म्हणजे ग्रीक लोकांचे जे काही उरेल त्यांना त्यांचा वारसा सापडेल. 1468 मध्ये त्याने आपला संग्रह व्हेनिसला दान केला. त्या वेळच्या यादीत 482 ग्रीक हस्तलिखिते होती आणि तिथल्या मार्चाना ग्रंथालयाचा तोच गाभा आहे. म्हणजे 1453 ने प्रबोधन सुरू केले नाही, पण झरा आटण्याची भीती निर्माण करून संग्रहाची घाई लावली. आणि ग्रंथांच्या नाशाचेच बोलायचे, तर 1204 मध्ये पश्चिमेच्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी याच शहराची जी लूट आणि जाळपोळ केली तिचा उल्लेख तुर्कांच्या बरोबरीने व्हायला हवा; आपल्या धड्यांत तो क्वचितच होतो.

छपाईचा भाग आपल्याला माहीत असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. 1465 मध्ये रोमजवळच्या सुबियाको मठात स्वाइनहाइम आणि पानार्ट्झ या दोन जर्मन मुद्रकांनी सिसेरो छापला. पुढे रोममध्ये त्यांनी प्राचीन लेखकांचे एकामागून एक ग्रंथ काढले, आणि 1472 मध्ये पोपकडे अर्ज करावा लागला की घर न विकलेल्या फर्म्यांनी भरले आहे आणि खायला मात्र काही नाही. प्राचीन ग्रंथांची भूक सर्वत्र होती या समजुतीला हा अर्ज चांगला उतारा आहे. बाजार बसायला आणखी एक पिढी गेली. व्हेनिसच्या आल्डस मानुशियसने 1495 ते 1498 या काळात मूळ ग्रीक ॲरिस्टॉटल पाच खंडांत छापला आणि 1501 पासून व्हर्जिलसारखे कवी हातात मावतील अशा लहान आकारात दिले.

कलेच्या बाजूने एकच प्रसंग सांगतो. 14 जानेवारी 1506 रोजी रोममधल्या एका द्राक्षमळ्यात जमिनीखाली संगमरवरी शिल्पसमूह सापडला. पोपने पाठवलेला वास्तुविशारद जुलिआनो दा सांगाल्लो तिथे गेला, सोबत मायकेलअँजेलोही होता. खड्ड्यात उतरताच सांगाल्लो म्हणाला की हा तर प्लिनीने वर्णन केलेला लाओकून, म्हणजे ट्रॉयच्या कथेतला पुरोहित. पहिल्या शतकातल्या लेखकाचे वाक्य डोक्यात असल्यामुळेच दगड ओळखता आला. मात्र याच काळात रोममध्ये प्राचीन संगमरवर भट्टीत भाजून त्याचा चुना नव्या इमारतींना वापरला जात होता. राफाएलच्या नावे असलेल्या, पोप दहाव्या लिओला लिहिलेल्या पत्रात याबद्दल कळकळीची तक्रार आहे. पुनरुज्जीवन आणि नाश एकाच शहरात शेजारी शेजारी चालले होते.

शेवटी आपल्या भूमीशी असलेला एक खरा धागा. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला. स्पेनमध्ये शिकलेला हा माणूस गॅलन आणि औषधी वनस्पतींवर लिहिणारा ग्रीक लेखक डायस्कोरिडीस कोळून प्यायला होता, आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहालाही औषध देत असे. 1563 मध्ये गोव्यातच छापलेला त्याचा भारतीय औषधींवरचा ग्रंथ प्राचीनांच्या आवडत्या संवादरूपात आहे. त्यात तो स्पष्ट म्हणतो की डायस्कोरिडीस आणि गॅलन यांच्या नावाने मला घाबरवू नका, आणि स्पेनमध्ये असतो तर त्यांच्याविरुद्ध बोलायला मी धजलो नसतो. रोमनांना शंभर वर्षांत जे कळले नाही ते आता पोर्तुगिजांमुळे एका दिवसात कळते, असेही तो म्हणतो. ग्रीक ग्रंथ नीट वाचणाऱ्यालाच ते कुठे कमी पडतात हे दिसू शकले, आणि ते त्याला दिसले गोव्याच्या बाजारातल्या वनस्पती हातात घेऊन.

आपण परीक्षेची तयारी करत असाल, तर व्यवहाराचेही सांगतो. वस्तुनिष्ठ प्रश्नात प्रबोधनाशी जोडलेली घटना विचारली असेल आणि पर्यायांत 1453 असेल, तर बहुधा तेच उत्तर अपेक्षित असते. तिथे वाद घालून गुण घालवू नयेत. वर्णनात्मक उत्तरात मात्र 1345 चे व्हेरोना, 1397 चे फ्लॉरेन्स, 1416 चे सेंट गॉल, मग 1453 आणि 1465 असा क्रम मांडावा, आणि 1453 समोर ‘सुरुवात’ऐवजी ‘चालना’ हा शब्द लिहावा. मी उत्तरपत्रिका तपासत होतो तेव्हा या एका शब्दाच्या फरकासाठी आनंदाने एक गुण जास्त देत असे.